न विचारलेला प्रश्न

मी घडा बोलतोय. साध्या मातीचा, बुडाशी भोक असलेला. घरात माझा काही उपयोग नाही, पण अथेन्सच्या न्यायसभेत माझ्यावाचून पान हलत नसे. वक्ता उभा राहिला की माझं बूच काढायचे आणि खालच्या भांड्यात पाण्याची धार पडायची. धार आटली की बोलणं बंद, मग तो सेनापती असो की कोळी.

कुंभारवाड्यातून मी थेट इथेच आलो. आरोपी दया यावी म्हणून पोरंबाळं आणून रडत, आणि रडता रडता त्यांचा एक डोळा माझ्यावर! माणसाची जातच मोठी बडबडी. पण मधल्या वेळात बाकांवरचे पंच वाद घालू लागले की मी कान टवकारायचो.

"थेलीस म्हणायचा, सगळ्याचं मूळ पाणी," एकजण म्हणे. मी नुसता फुगायचो.

"आणि हेराक्लिटस म्हणायचा, त्याच नदीत दोनदा उतरता येत नाही. तुझं डोकं मात्र कालचंच!"

डेमोक्रिटसचे न फुटणारे कण काही मला उमगले नाहीत. आम्हा घड्यांना फुटण्याचीच धास्ती. पण दर गोष्टीचा भार देवांवर न टाकता जगाचा उलगडा करू बघणारी ती माणसं मला थोर वाटत.

मग एक दिवस दामिप्पोस उभा राहिला. बाजारात शिकवणारा म्हातारा. सूर्य हा तापलेला धोंडा आहे आणि वादळ काही समुद्रदेव पोसायडनच्या रागाने येत नाही, असं तो सांगे. फिर्यादी होता जहाजवाला लिकिनोस. त्याचा धाकटा भाऊ समुद्रात बुडाला होता.

"अथेन्सकरहो, या म्हाताऱ्याने पोसायडनला डिवचलं आणि देवाने माझा भाऊ नेला! याला विषाचा पेला द्या!" असं तो ओरडला. सभा खवळली.

मला पुन्हा भरलं. आता पाळी दामिप्पोसची. आमच्याकडे आरोपी प्रश्न विचारू शकतो आणि फिर्यादीला उत्तर द्यावंच लागतं.

"लिकिनोस, त्या सकाळी वारा कसा होता रे?"

"वाईट."

"भाऊ काय म्हणाला?"

"म्हणाला... दादा, आज नको."

बाकांवरचे पंच पुढे झुकले. पुढचा प्रश्न सगळ्यांच्याच ओठांवर होता: मग त्याला पाठवलं कुणी? लिकिनोस पांढराफटक पडला होता. दामिप्पोसने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझं बोलून झालं."

"अरे, विचार की!" मागून त्याचा मित्र क्सेनोक्लीस ओरडला. "एका प्रश्नात सुटशील!"

"सुटेन रे. पण तो जन्मभर अडकेल," म्हातारा हळूच म्हणाला. "अन्याय सोसलेला परवडतो, केलेला नाही परवडत."

पाणी अजून पुष्कळ उरलं होतं. मला धार थांबवावीशी वाटत होती, पण भोक पडलेल्याने काय थांबवायचं? म्हातारा शांतपणे उभा राहिला आणि माझं पाणी वाया जात राहिलं. अशी चुकी अथेन्समध्ये दुसरा कोण करणार!

मतं पडली. दामिप्पोस दोषी ठरला.

आता शिक्षा काय मागायची, ते फिर्यादीने बोलायचं. मला पुन्हा भरलं. लिकिनोस उठला, पण त्याला शब्दच फुटेना. पाणी निम्मं गेलं.

"बोल की लेका!" पंच ओरडले.

"मरण नको," तो म्हणाला. "काहीच नको. वारा मी पाहिला होता. तरी त्याला मीच पाठवलं." आणि तो सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडू लागला. या वेळी रडणाऱ्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

पंचांनी दामिप्पोसला नुसत्या दंडावर सोडलं. जाताना तो लिकिनोसच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढे मला तडा गेला. आता मी न्यायसभेमागच्या ढिगात पडून आहे. लवकरच माती होऊन जाईन, त्याचं दुःख नाही. तुम्हाला एकच मागणं आहे. समोरच्याला गार करणारा प्रश्न जिभेवर आला की क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघा. मग हवं तर विचारा.