जांभळ्याची नाल पडणार नाही

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली शहापुरात चौकटीला नाल नाही असं घर एकच होतं, आणि ते माझं. बाकी साऱ्या गावाच्या दारांवर नाला होत्या आणि त्या सगळ्या माझ्याच घोड्याच्या पायातून गेलेल्या.

घोडा काळा. उन्हात जांभळट चमकायचा, म्हणून नाव जांभळ्या. त्याला टांग्याला जुंपून मी शहापूर ते जवाहरनगर फेऱ्या मारायचो. तो दर आठ-दहा दिवसांनी एक नाल रस्त्यात टाकायचाच. आणि काळ्या घोड्याची आपोआप पडलेली नाल दारावर ठोकली की शनी त्या घराची पायरी चढत नाही, हे आमच्याकडे विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरलाही मान्य. काढलेली चालत नाही, विकत आणलेली चालत नाही, पडलेलीच पाहिजे. त्यामुळं माझ्या टांग्यामागं सायकली चालायच्या आणि सायकलींमागं पायी माणसं. एकदा मागं वळून पाहिलं तर मला वाटलं कोणाची मयत निघाली, म्हणून मी टांगा बाजूला घेतला. तर अख्खी मयत माझ्यामागं बाजूला.

देवकाबाई तर डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रोज टांग्यामागून चालायची.

"बस ना वो देवकाबाई, जागा आहे," मी म्हणायचो.

"नाही जी, मी मागूनच बरी. वर बसली अन् नाल पडली त मले कशी दिसन?"

तिच्या दारावर पाच नाला होत्या. शनी तर सोडाच, पाहुणेही आत यायला भीत.

खरं सांगतो, मला याचा अभिमान होता. गावाचा शनी मी एकट्यानं आवरून धरलाय, असं वाटायचं. तो अभिमान गणपती बसल्यावर दोन दिवसांनी उतरला. पुढच्या डाव्या पायाची नाल पडली आणि तिच्याबरोबर खुराचा एक टवकाही पडला.

नाल ठोकायचा तो डोमा लोहार. त्यानं पाय मांडीवर घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "टिकाराम, हा खूर आहे का चाळणी? जुन्या भोकात खिळे मारून मारून सारं फुटून गेलं. चार खिळ्यापुरती जागा राहिली. आता पडली का खूर संगं घेऊन जाईन. मंग हा घोडा टांग्याचा नाही राह्यत, बाजाराचा होते."

कोणत्या बाजाराचा ते त्यानं सांगितलं नाही. तो बाजार मला ठाऊक होता.

"अन् टिकली तर?"

"पाच हप्ते टिकव. तेवढ्यात बोटभर नवा खूर येते. मंग जुनी भोकं कापून फेकतो अन् नव्या जागी ठोकतो."

पाच आठवडे! माझ्या घोड्याची नाल पाच दिवस टिकली तरी मी नारळ फोडायचो.

घरी आलो तर बायको, कुंता, म्हणाली, "नाल काहून पडते, हे पाहिलं का जी कधी?"

"पडते म्हणजे पडते. स्वभाव आहे त्याचा."

"स्वभाव तुमचा. बाकीच्यांचे टांगे टप-टप वाजत जातात. तुमचा टप-टिंग, टप-टिंग वाजते. मी चुलीपाशी बसल्या बसल्या ओळखतो. हे टिंग काय आहे?"

मी दहा वर्षं त्या टांग्यावर बसत होतो. मला ते टिंग कधी ऐकू आलं नव्हतं.

डोमानं नाल कशीबशी परत बसवून दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला सडकेवर टांगा पळवायला लावला आणि स्वतः मोरीशेजारच्या खळग्यात पालथी पडली, डोळे बरोबर खुरांच्या उंचीवर. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं टिकारामनं बायकोला चिरडलं. चौघे धावत आले. "बाजूले व्हा, मले पाय दिसून नाही राहिले," असं ती ओरडली तेव्हा ते परत पळाले.

तीन फेऱ्या झाल्यावर ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "पुढचा पाय उचलाच्या आधीच मागचा येते अन् त्याच्या नालेच्या टाचेवर पडते. मागच्यानं दाबून धरलं, पुढच्यानं ओढलं, का नाल मोकळी. हा आपलीच नाल आपल्याच पायानं काढून राहिला."

आम्ही डोमाकडे गेलो. आधी तो चिडला, मग त्यानं कान खाजवला.

"खूर पुढून लांब वाढला हे खरं आहे. लांब खूर उशिरा उचलते. मागचा त्याले गाठते. अन् नाल मी टाचेच्या मागं जराशी बाहेर काढून ठेवतो, टिकाऊ व्हावं म्हून."

"मंग, झाली का टिकाऊ?" कुंतानं विचारलं.

डोमानं हातोडा खाली ठेवला आणि माझ्यावर घसरला. "अन् हा का कमी आहे का? रोज सकाळ-संध्याकाळ घोड्याले तलावात घंटा-घंटा उभा ठेवते. खूर भाकरीवानी भिजते, मंग सडकेवर वाळते. भिजला का फुगते, वाळला का आकसते. खिळा कशाले धरन?"

हे मला फार लागलं. त्या आंघोळीनं जांभळ्या असा चमकायचा की नवरदेव त्याच्या पाठीत पाहून भांग पाडत. पण त्या दिवसापासून आंघोळ बंद, फक्त ओल्या फडक्यानं पुसायचं आणि खुरांना जवसाचं तेल लावायचं. डोमानं पुढचे खूर कानशीनं घासून आखूड केले, नाल टाचेबरोबर बसवली, चार खिळे मारून त्यांची टोकं वळवली. कुंतानं जुन्या मोटेचं चामडं कापून पुढच्या पायांना कडी बांधली, म्हणजे मागचा पाय आलाच तर चामड्यावर पडेल, नालेच्या टाचेवर नाही.

टांगा निघाला. टप-टप. टिंग गेलं.

पहिला आठवडा काही पडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सायकली कमी झाल्या. तिसऱ्यात देवकाबाई तोंड पाडून टांग्यात बसली.

"काय करून ठेवलं जी घोड्याले? गावाचं वाटोळं करून राहिले तुमी."

सत्ताविसाव्या दिवशी भय्याजींनी बोलावलं. भय्याजी म्हणजे गावातली मोठी आसामी. ज्या चिंचेखाली आम्ही टांगे उभे करायचो, ती चिंच त्यांची. त्यांनी नवीन राइस मिल बांधली होती, दसऱ्याला उद्घाटन. मिलच्या चौकटीत त्यांनी खिळे आधीच अर्धे ठोकून ठेवले होते. नाल तेवढी यायची होती.

"टिकाराम, दसऱ्याले पाच दिवस राहिले. नाल काहून नाही पडून राहिली?"

"नीट ठोकली म्हून, भय्याजी."

"थट्टा करतं का बे? साऱ्या गावाले देल्या, मले नाही? दोन दिवस तलावात उभा कर त्याले. पडते आपोआप."

"पडणार नाही. त्याच्या खुरात आता जागा नाही. ही गेली का घोडा गेला."

"एका घोड्यापायी माझी मिल शनीच्या तोंडात देऊ का? चिंच कोणाची आहे, ठाऊक आहे ना?"

"चिंच तुमची आहे, भय्याजी. पाय घोड्याचा आहे."

दसरा आला, माझ्या हिशेबानं बत्तिसावा दिवस. जांभळ्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, तेवढ्यात भय्याजींचा निरोप आला. त्यांचे सासरे पुंडलिकराव आसगावहून बसनं येत होते. त्यांना सडकेवरून मिलपर्यंत मीच आणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर टिकाराम भ्याला असं झालं असतं. मी गेलो. पुंडलिकराव बसमधून उतरले तेव्हा बस हातभर वर आली. ते माझ्या टांग्यात मागच्या बाजूला बसले तेव्हा जांभळ्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

सडकेवरून मिलकडे जाणारी वाट धानाच्या बांध्यांमधून, भाताच्या खाचरांमधून जायची. काल मी ती कोरडी पाहिली होती. आज तिच्यात गुडघाभर चिखल. आभाळ तर घासून ठेवलेल्या ताटासारखं स्वच्छ. रात्रीतून कोणीतरी तलावाचं पाणी वाटेत सोडलं होतं. दोन्ही धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, नवे कपडे घालून अख्खं गाव उभं, आणि एकाचीही नजर घोड्याच्या तोंडाकडे नाही, सगळ्यांची पायांकडे. भय्याजी मिलच्या दारात. हातात हातोडी.

मी खाली उतरलो, लगाम हातात धरला आणि एकेक पाऊल चालवू लागलो. पुढचा पाय सुटेस्तोवर मागचा टाकू द्यायचा नाही. "हळू, बावा, हळू." वीस पावलं गेलो. मग पुंडलिकरावांच्या भारानं दोन्ही चाकं मधल्या तुंब्यापर्यंत रुतली.

"चाबूक हाण!" भय्याजी ओरडले.

"हाण! हाण!" गाव ओरडलं. देवकाबाईचा आवाज सगळ्यांत वर.

एक फटका मारला असता तर जांभळ्यानं एका हिसक्यात टांगा बाहेर काढला असता. तेवढी ताकद त्याच्यात होती. आणि नाल खुरासकट चिखलात राहिली असती. हे मला माहीत होतं आणि भय्याजींनाही.

"हाणत नसशील त उद्यापासून माझ्या चिंचेखाली दिसू नोको!" गावासमोर सांगितलं त्यांनी.

मी चाबूक काढला आणि पुंडलिकरावांच्या हातात दिला. "हा तुमच्यापाशी ठेवा, मामाजी." मग वाकून टांग्याचे पट्टे सोडले, एक, दुसरा. जांभळ्या मोकळा झाला. टांगा मागं उलाळला. दोन्ही दांड्या आभाळाकडे गेल्या, आणि पुंडलिकरावांचे दोन्ही पायही.

"टिक्या! माझे सासरे आहेत ते!"

"सासरे तुमचे, चिखल तुमचा," मी म्हणालो. "घोडा माझा."

आणि निघालो. प्रत्येक पाऊल मी हातानं सोडवलं. चिखल खुराला चोखून धरायचा, मी कोपरापर्यंत हात घालून बोटानं नाल चाचपायचो, मग पाय वर. धुऱ्यावर आलो तेव्हा गाव बाजूला झालं. कुंता कळशी घेऊन उभी होती. तिनं चारी पाय धुतले. चार नाला. मी डावा पाय उचलून गावाला दाखवला.

तिकडून पुंडलिकराव ओरडले. "जावई, आधी मले काढा! नाल मंग पाहा!"

त्यांना बारा माणसांनी ओढलं. ते निघाले तेव्हा असा आवाज झाला की पार तिकडं पवनी गावात लोकांनी दारं लावून घेतली. टांगा काढायला मला तीन दिवस आणि हल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, दोन जोड्या लागल्या.

टांगा निघाल्यावर मी जांभळ्याला घेऊन सडकेच्या पलीकडं, उन्हात उभा राहिलो. भय्याजींनी डोमाला बजावलं होतं की त्या घोड्याच्या पायाला हात लावायचा नाही. पस्तिसाव्या दिवशी भर दुपारी डोमा पिशवी घेऊन आला आणि सडकेच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असा बसला.

"भय्याजी पाहून राहिले," मी म्हणालो.

"पाहू दे. माझी ऐरण काही त्यांच्या चिंचेले टांगली नाही. आण पाय."

खिळे असे धरून बसले होते की ते काढताना डोमाचं धोतर दोनदा सुटलं. नाल निघाली. खाली बोटभर नवा खूर आला होता, काळा, घट्ट, म्हशीच्या शिंगासारखा. त्यानं जुनी भोकं घासून टाकली, खूर पुढून आखूड केला, नवी नाल टाचेबरोबर लावली आणि सहा खिळे नव्या जागी ठोकले.

"आता पाच हप्त्यांनी ये. पडो का न पडो, ये. पडाची वाट पाहू नोको."

जांभळ्यानं पाय खाली टेकवला. आधी थोडा भार दिला, मग पूर्ण दिला आणि कान पुढं केले. भय्याजी चिंचेखाली छडी टेकून उभे होते. मी टांग्यावर चढलो. जवाहरनगरकडे तोंड करायला टांगा वळवायचा होता, आणि वळायला ऐसपैस जागा एकच होती. मी टांगा भय्याजींच्या चिंचेखालून वळवला, अगदी सावकाश, आणि मग लगाम सैल सोडला.