दहापैकी दहा

इंग्रजीतलं ‘गेट’ हे क्रियापद बारा गावचं पाणी प्यायलेलं आहे. मिळणं तेच, होणं तेच, पोचणं तेच, उमगणंही तेच. वर नोकरीवरून हाकललं जाणं तेही त्याच्याच गळ्यात. लॉरेन हुडेक गेली अकरा वर्षं ते शिकवत होती आणि आता तिला त्याचा वीट आला होता.

नेब्रास्कातल्या त्या गावात गुरं कापण्याचा कारखाना होता आणि कारखान्यात अर्धं जग कामाला होतं. तीनला पहिली पाळी सुटली की त्यातले अठराजण लुथरन चर्चच्या तळघरात येत. सोमवारी आणि बुधवारी चारला वर्ग. माणसं आंघोळ करून आली तरी ब्लीचचा वास त्यांच्या आधी जिना उतरायचा. लॉरेनने शाळेत तीस वर्षं घासली होती; निवृत्त झाल्यावर थोडी समाजसेवा म्हणून हे काम धरलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

त्या अठरांत हसिंता मातेओ होती. ग्वातेमालाच्या डोंगरातली, चाळिशीची, नऊ वर्षं एकाच जागी उभी राहून गुरांच्या खांद्याचं मांस हाडावरून सोडवणारी. वसंतापासून तिच्या उजव्या हाताला बधिरपणा आला होता. पेन्सिल मुठीत धरून लिहायची. ऑपरेशन लागणार हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, आणि हेही की दुखणं कामामुळे आलं असं कारखान्याने मान्य केलं तरच ते होणार. हसिंताच्या ऐपतीतलं ते नव्हे. लॉरेनलाही माहीत होतं. पण वर्गात ती हात बघायची तो अक्षरासाठी.

त्या बुधवारी तिने नेहमीचा गृहपाठ गोळा केला. ‘गेट’ची दहा वाक्यं, जमतील तितके वेगळे अर्थ, आणि वाक्यं खरी हवीत, स्वतःच्या आयुष्यातली. पुस्तकातल्या टॉमने पुस्तकातला चेंडू आणलेला तिला चालत नसे.

गुरुवारी तिच्या नवऱ्याचं, एमिलचं, डायलिसिस असे. आठवड्यातून तीनदा चार-चार तास. तेवढ्या वेळात ती दवाखान्याबाहेर गाडीत बसून वह्या तपासायची आणि परतताना चर्चमध्ये ठेवून यायची, ज्याला हव्या त्याने न्याव्यात. अकरा वर्षांत नजर अशी तयार झाली होती की ती वाक्यात शिरतच नसे. सरळ क्रियापदावर उतरायची, काळ बघायची, शब्दाची जागा बघायची आणि पुढे जायची. बरोबरची खूण हात आपोआप करी. अठरा वह्या पन्नास मिनिटांत. हसिंताच्या वहीत एकही चूक निघाली नाही, फक्त शेवटच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह घालायचं राहिलं होतं. ते लॉरेनने लाल पेनाने घातलं, दहापैकी दहा दिले, एक चांदणी काढली आणि सीट मागे करून डोळे मिटले.

सोमवारी हसिंता साडेतीनलाच आली. तळघरात लॉरेन एकटीच खुर्च्या मांडत होती. आल्या आल्या हसिंताने सांगितलं की शुक्रवारी तिने कागदावर सही करून टाकली, आता नोकरीची भीती गेली, जिवाला स्वस्थता आहे.

कसला कागद, लॉरेनने विचारलं.

हसिंता जरा गोंधळली. सुपरवायझरने दिलेला. हात घरच्या कामामुळे दुखतो, कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही, असं त्यात लिहिलं होतं म्हणे; हे तिला शुक्रवारी संध्याकाळी पुतणीने वाचून दाखवलं, सही झाल्यावर. पण बाईंना तर आधीच माहीत होतं ना?

लॉरेनने वही मागितली. उभ्या उभ्याच, अकरा वर्षांत पहिल्यांदा, पहिल्या वाक्यापासून वाचत गेली.

मी पहाटे चारला उठते. मला सुरी मिळते, तिला धार नसते. दोन तासांत माझा हात मरतो. नर्सकडून मला बर्फ मिळतो. मी घरी पोचते तेव्हा मला दाराची मूठ फिरवता येत नाही. मला सुपरवायझरकडून एक कागद मिळाला. कागद मला समजत नाही. त्याला शुक्रवारपर्यंत माझी सही हवी आहे. सही दिली नाही तर मला काढतील. मला कुणाची मदत मिळेल.

आणि त्यापुढे लॉरेनच्याच हाताचं, लालभडक, ठसठशीत प्रश्नचिन्ह.

लॉरेन खुर्चीवर बसली. हसिंता मात्र तिची समजूत घालायला लागली, जसं काही नुकसान लॉरेनचंच झालं होतं.

“मी गुरुवारभर फोनची वाट बघितली, बाई. मग संध्याकाळी चर्चमधून वही घेतली. तुम्ही सगळं वाचलेलं. म्हटलं, एवढी शिकलेली बाई वाचून काही बोलली नाही, म्हणजे कागदात वाईट काही नसणार. भ्यायचं काही असतं तर त्या बोलल्या असत्या.”

खोटं बोलायला वाव होता. वाचलं होतं, पण वेळ झाला नाही. नवरा आजारी आहे. वकील शोधत होते. तिन्ही कारणं जिभेवर आली. तिला स्वतःच्या थकव्याची पहिल्यांदाच लाज वाटली.

“मी वाचलं नव्हतं, हसिंता.”

“पण चांदणी आहे.”

“हो. क्रियापदं तपासली. तू काय लिहिलंयस ते नाही वाचलं.”

जिन्यावर बाकीच्यांची पावलं वाजायला लागली. कुणीतरी हसत होतं. हसिंताने वही डाव्या हाताने ओढून घेतली, पान निरखलं, चांदणीवर बोट ठेवलं. ती रागावली असती तर लॉरेनला सोपं गेलं असतं. पण हसिंताला खरंच समजून घ्यायचं होतं, वर्गात नवीन नियम ऐकल्यावर विचारायची तसंच तिने विचारलं.

“मग दहापैकी दहा कुणाला दिलेत, बाई?”