ठकीच्या आवाजातली जाहिरात

“लेकराच्या तोंडी असलं अभद्र घालू नये गं,” सासूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. ती हसली होती. “आई, जाहिरात आहे ती, शाप नाही!”

जाहिरात समुद्राची होती. रेडिओवरची, तीस सेकंदांची. आपण टाकलेलं प्लास्टिक वाहत वाहत माशांच्या पोटात जातं, हे लोकांच्या गळी उतरवायचं होतं. मजकूर तिनेच लिहिलेला. आवाजासाठी बोलावलेल्या दोन मुली पोपटासारख्या बोलून गेल्या, म्हणून तिने स्वतःच्या पाच वर्षांच्या लेकीला, ठकीला, माइकसमोर उभं केलं. वाक्य एकच: “आई, माझ्या पोटात पिशवी आहे, काढ ना गं.”

सहाव्यांदाही ठकी खुदकन हसली. तेव्हा ती वाकून लेकीच्या कानात म्हणाली, “हे खरंच आहे, ठके. सगळ्यांच्याच पोटात जातंय. तुझ्यापण.”

सातव्या वेळी ठकीचा आवाज असा फाटला की रेकॉर्डिंगवाल्या काकांनी हेडफोनच काढून ठेवले. “बास. हेच,” ते म्हणाले. तिने लेकीचा मुका घेतला. कानात सांगितलेलं परत घ्यायचं मात्र राहून गेलं.

जाहिरात गाजली. पिशवी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार ठकीचंच वाक्य ऐकवू लागले. घरात ठकीने आधी मासे सोडले. मग पाणी दोनदा गाळून मागू लागली. मग घास गालात धरून ठेवायचा आणि मोरीत जाऊन थुंकायचा. “नखरे नुसते,” ती लेकीवर खेकसली होती.

आज दवाखान्यात तिसरा दिवस. काडीसारख्या हाताला सलाईन. जाहिरात ऐकून जेवण टाकलेलं हे दुसरं मूल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ठके, ते खोटं होतं गं. जाहिरात होती,” तिने लेकीला समजावलं.

“मग माशांच्या पोटात नाहीये?”

“आहे, पण...”

ठकीने नजर वर नेली. सलाईन थेंब थेंब उतरत होतं, खांबाला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून. पुढच्या क्षणी पोरीने नळीला हिसका दिला.

“धर, धर तिला!” सासूबाई ओरडल्या. दोघींनी मिळून दोन हात धरले. एवढ्याशा पोरीला कुठून एवढं बळ आलं होतं!

नर्सने सुई पुन्हा लावली, तशी ठकीची आई बाहेर आली आणि तिने रेकॉर्डिंगवाल्या काकांना फोन लावला. “काका, बंद करा ती जाहिरात.”

“पोरी, ते माझ्या हातात नाही गं. ठकीच्या वाक्यानंतरचे शेवटचे शब्द तेवढे बदलून देतो. फोनवरच बोल, मी रेकॉर्ड करून घेतो.”

एकेका शब्दासाठी दिवस दिवस अडून बसणारी ती, भिंतीला टेकून सुचेल तसं बोलत सुटली.

“हा आवाज माझ्या मुलीचा आहे. ती जेवत नाहीये. तुमच्या घरातल्या लहानग्याने हे ऐकलं असेल, तर आत्ता उठा. घास गिळलाय की गालात धरलाय, ते बघा. रागावू नका. कशाची भीती वाटतेय, एवढंच विचारा. बघून या ना. आधी बघून या.”