सहा दहाचं फूल

निवृत्त सुभेदार लालासाहेबांना, म्हणजे गावाच्या आप्पांना, गावातल्या प्रत्येक मोबाईलची प्रकृती तोंडपाठ होती. कुणाची बॅटरी फुगलीय, कुणाच्या काचेला तडा गेलाय, कोण तीन वर्षांपूर्वीच्या अपडेटवर दिवस काढतंय, हे सगळं त्यांच्या लांबट रजिस्टरात लिहिलेलं असे. रोज सकाळी सातला गावाच्या व्हॉट्सॲप गटावर 'आजचं तंत्रज्ञान' पडायचं. नवा फोन कोणता आला आणि तो का घेऊ नये, सातबारा घरबसल्या कसा काढायचा, कुठली लिंक दाबली की माणूस फसतो. आठशेच्या वर अंक निघाले, एक दिवस खाडा नाही. सूनबाई बाळंत झाल्या त्या सकाळीसुद्धा आधी चार्जर कसा निवडावा ते आलं आणि मग नातू झाल्याची बातमी.

खोटं कशाला बोला, उपयोग व्हायचा. वीज तोडतो म्हणून दम देणारा एक फोन गावातल्या अकरा घरांत आला आणि एकही घर फसलं नाही. रहिमतपूरपासून सहा किलोमीटरवरच्या आमच्या गावात त्यामुळे आप्पांचा शब्द म्हणजे शेवटचा. आप्पा म्हणाले बॅकअप फुकट जागा खातो, बंद करा. तर गावानं बंद केला.

आप्पांचा एकच दोष होता, आणि तो ते वरच्या खिशात घालून हिंडायचे. फौजेत नेमबाजीचं पदक मिळवलेला माणूस बासष्टाव्या वर्षी चष्म्यातून बघताना दिसला तर काय राहिलं? म्हणून चष्मा खिशात, आणि फोनवरची अक्षरं एवढी मोठी की एका ओळीत तीन शब्द मावायचे.

शालूबाईंचा जयराज फौजेत गेला तो आप्पांमुळेच. त्याला भरतीसाठी माळावर पळायला त्यांनीच शिकवलं. पोरगा ईशान्येकडच्या डोंगरात होता. कुठं आहे ते सांगायची बंदी, आणि आईला धड वाचता येत नाही. मग मायलेकांनी आपसात ठरवून टाकलं. सव्वासहाला तो फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभा राहायचा. त्याआधी, सहा वाजून दहा मिनिटांनी, तो आईला शुभ सकाळचं एक चित्र पाठवायचा. झेंडू आला म्हणजे सगळं बरं आहे. जास्वंद आलं म्हणजे वर चाललोय, चार दिवस काही येणार नाही. गुलाब म्हणजे सुट्टी मंजूर. गावाच्या गटावर असली चित्रं ढिगानं पडत आणि लोक न बघता पुढं ढकलत. शालूबाई तेवढ्या चित्रावर दिवस काढायच्या.

अशी सहाशे अकरा चित्रं आली. मागच्या जुलैत रस्ता खचून ट्रक दरीत गेला, आणि सहाशे बारावं आलं नाही.

तेरावा झाल्यावर शालूबाईंनी एक हिशेब मांडला. लेक क्रांतीकडून शिकून घेतलं, चित्रावर बोट दाबून धरलं की तारा लावता येतो. मग पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. रोज सहा दहाला एकच फूल उघडायचं, बघायचं, तारा लावायचा, फोन ठेवायचा. कितीही मन झालं तरी दुसरं उघडायचं नाही. क्रांती एकदा म्हणाली, "आई, सगळी आजच बघ की. कोण अडवतंय?"

"सगळी बघितली तर उद्या काय यील?"

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दोनशे तीन तारे झाले होते. म्हणजे जयराजची खुशाली अजून चारशे आठ दिवस यायची होती. हे क्रांतीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. असलं कुणाला सांगायचं असतं?

त्याच रविवारी आप्पांनी मोबाईल सफाई मोहीम काढली. देवळाच्या मंडपात सतरंजी, सतरंजीवर फोन ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी, आणि आप्पा हात मागं बांधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं. 'सफाईवीर' नावाचं एक ॲप त्यांनी शोधलं होतं. फुलं, सूर्योदय, शुभ सकाळची अक्षरं, असं काहीही दिसलं की ते गोळा करून एकदम झाडून टाकायचं. आप्पांनी आधी स्वतःचा फोन झाडला आणि मग जाहीर केलं, "तीस दिवस सगळं ॲपच्या डब्यात ऱ्हातंय. कुणाचं कामाचं गेलं आसंल तर तीस दिवसांत माझ्याकडं यायचं. एकतिसाव्या दिवशी डबा आपोआप रिकामा."

शालूबाई वैरणीचा भारा टाकून घाईनं आल्या. "आप्पा, माझाबी करा. क्रांतीचा व्हिडिओ कॉल लय अडकतोय." फोन ठेवला आणि गेल्या. त्यांचा नंबर सत्तावीस. आप्पांनी बटण दाबलं.

सेहेचाळीस फोन, एकाहत्तर हजार तीनशे बारा चित्रं. आकडा आप्पांनी मंडपातल्या फळ्यावर खडूनं लिहिला. तो आठवडाभर कुणी पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला शालूबाईंनी दोनशे चौथं फूल उघडायला घेतलं तर त्यावर ढग आल्यासारखं झालेलं. पिवळं होतं, म्हणजे झेंडूच. पण पाकळी दिसेना. डोळे पदरानं पुसले, फोनही पुसला. मग तशाच आप्पांच्या ओसरीवर गेल्या. तिथं बचत गटाच्या दोघीजणी ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला बसल्या होत्या.

"आप्पा, फुलं धुरकट दिसत्यात वं."

"कुठली फुलं?"

"मोबाईलातली. काल सकाळी ब्येस हुती."

आप्पांनी फोन घेतला आणि हात लांब करून बघितलं. चष्मा खिशात, समोर दोन बाया. त्या अंतरावर आप्पांना रजिस्टरातलं अक्षर, फोनवरचं फूल आणि स्वतःचा तळहात सारखेच धुरकट दिसायचे. त्यामुळे त्यांना वेगळं काही दिसलं नाही.

"मला तर झ्याक दिसतंय," ते म्हणाले. मग शालूबाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं. लांबचं त्यांना चांगलं दिसायचं. उजव्या बुबुळावरचा पांढरट ठिपका लगेच दिसला. "शालूताई, मोबाईलचा दोष न्हाई. मोतीबिंदू हाय ह्यो. आवं, फोन कालच धुतल्यावानी केलाय मी. त्यात धूर कुठनं यील?"

"मंजी फुलं जाग्यावर हायती?"

"कुठं जात्यात?"

शालूबाईंचा जीव भांड्यात पडला. डोळ्याचं काय, डोळा नीट करता येतो. आप्पांनी तिथंच शिबिर शोधलं. आष्ट्याला, म्हणजे क्रांतीच्या सासरच्या गावात, फुकट शस्त्रक्रिया. अर्ज भरला, आधारचा फोटो जोडला, तारीख मिळाली पस्तीस दिवसांनंतरची. "ह्याला म्हणायचं तंत्रज्ञान," आप्पा बायांकडं बघून म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या अंकाचा विषयही मिळाला.

पस्तीस सकाळी शालूबाईंनी ढगांवर तारे लावले. डोळा झाला की ही पस्तीस एकदम बघायची, एवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली होती. तेवढ्यात तीस दिवस झाले आणि डबा रिकामा झाला. आप्पांनी रजिस्टरात लिहिलं: मोहीम यशस्वी, तक्रार शून्य.

आष्ट्यात शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टरांनी काळा गॉगल दिला, पंधरा दिवस उन्हात लावायला. चार दिवस क्रांतीनं फोन हाताला लागू दिला नाही. पाचव्या दिवशी सकाळी शालूबाई अंगणात आल्या. शिजवलेली हळद वाळत घातली होती. एकेक हळकुंड वेगळं दिसत होतं, त्यांच्यावरचे सालपटाचे पापुद्रेही दिसत होते. शेजारच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याची चोच दिसली. शालूबाई हसल्या. मुलगा गेल्यावर पहिल्यांदाच, असं क्रांती सांगते.

"आण आता फोन."

फोन उघडला. ढग जिथल्या तिथं होता.

त्यांनी फोनकडं बघितलं, हळदीकडं बघितलं, परत फोनकडं. "क्रांते, डोळा न्हाई गं झाला."

क्रांतीनं फोन घेतला. धुरकट चित्रावर बोट टेकवलं. खाली एक ओळ आली. ती वाचून क्रांतीनं फोन पालथा धरला.

"काय म्हणतंय?"

"जुनं झालंय म्हणतंय."

"हाय तसं वाच."

क्रांतीनं वाचलं, "ही फाइल आता या फोनमध्ये नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा."

शालूबाईंनी एक हळकुंड उचललं, परत जागेवर ठेवलं. मग म्हणाल्या, "सगळ्यांवर तसंच म्हणतंय का, बघ."

क्रांतीनं पुढची वीस-पंचवीस दाबून बघितली. सगळ्यांवर तसंच म्हणत होतं.

तिनं आप्पांना फोन लावला. "आप्पा, त्या सफाईत जयाची फुलं बी झाडलीत का वं?"

आप्पांनी रजिस्टर काढलं. सत्तावीस नंबर: एक हजार नऊशे चार चित्रं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. एक्केचाळीस. मग त्यांना ती ओसरी आठवली, लांब केलेला हात आठवला. फोनवर ते एवढंच म्हणाले, "मी येतो."

बसनं ते आष्ट्याला आले. तिथून तिघं सांगलीला गेले. स्टँडच्या मागं सुमैरा नावाच्या मुलीचं दुकान आहे. पुसलं गेलेलं परत काढून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिनं फोन जोडला आणि मान वर न करता विचारलं, "बॅकअप कुठाय?"

"बंद केलाय," क्रांती म्हणाली. "गटावर आलं हुतं, फुकट जागा खातोय म्हणून."

"कोण शहाणा सांगतो असलं?"

"मी," आप्पा म्हणाले.

सुमैरानं तेव्हा मान वर केली. बघून परत खाली घातली. "असू दे. पाठवणाऱ्याच्या फोनात असतील की. त्यांचा फोन घेऊन या, पाच मिनिटांचं काम."

 क्रांती दारातून रस्त्याकडं बघायला लागली. शेवटी आप्पाच म्हणाले, "तो फोन त्याच्याबरोबरच दरीत गेला, बेटा."

सुमैरानं दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं आणि दोन तास खटपट केली. तीन गोष्टी निघाल्या. सत्यनारायणाचं एक आमंत्रण, उसाच्या ट्रॉलीचा अर्धा व्हिडिओ आणि कुणाच्या तरी बारशातला केक. फूल एकही नाही.

"जागा मोकळी झाली तिथं नवं येऊन बसलंय, आप्पा," ती म्हणाली. "ह्या महिन्यात कुणीतरी लय व्हिडिओ पाठवलेत ह्यांना. आधार कसं जोडायचं, गॅसचं कसं करायचं. अडतीस हायत."

ते कुणी पाठवले हे तिनं विचारलं नाही. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, शटरखालून वाकून आत आलेल्या दोन अनोळखी गिऱ्हाइकांसमोर लावला आणि सत्तावीस नंबरचा फोन हातात घेतला. पहिल्यांदाच त्यांना तो ढग स्वच्छ दिसला.

परतीच्या बसमध्ये आप्पांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "शालूताई, तुमी ओसरीवर आलता त्या दिवशी मी चष्मा लावला नव्हता."

"ठावं हाय की. तुमी कवाच लावत न्हाई." तिकीट पदराच्या गाठीला बांधून त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुमाला बिगरचष्म्याचं बी दिसतंय."

एवढंच. त्या रागावल्या असत्या तर आप्पांना सोपं गेलं असतं.

रोज एक फूल उघडायचा हिशेब क्रांतीनं त्यांना सांगितला होता. गावात आल्यावर आप्पांनी इंटरनेटवरून चारशे आठ चित्रं जमवली. झेंडू, जास्वंदी, गुलाब, जेवढी मिळाली तेवढी. सकाळी सहा दहाला स्वतःच्या नंबरवरून शालूबाईंना एक झेंडू पाठवला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी शालूबाई आप्पांच्या दारात आल्या.

"आप्पा, फुलं धाडू नका."

"आवं, तसलीच हायती. मी मुद्दाम शोधून..."

"तसलीच हायती. पर तुमी कुठं हाय ते मला ठावं हाय. तुमी ह्या ओसरीवर हाय."

त्या दिवशी 'आजचं तंत्रज्ञान' दोन ओळींचं आलं. कुणाच्याही फोनमधलं काहीही विचारल्याशिवाय पुसू नये. बॅकअप चालू करावा. गावाला वाटलं, आप्पांची तब्येत बरी नाही. नंतर अंक आलाच नाही. आठ दिवस लोकांनी वाट बघितली, मग गटावर परत शुभ सकाळची फुलं पडायला लागली.

शस्त्रक्रियेला महिना उलटून गेल्यावर एका सकाळी आप्पा शालूबाईंकडं गेले. जे उरलंय त्याचा तरी बॅकअप चालू करून द्यावा म्हणून निघाले होते. चष्मा लावला होता. उजाडायला लागलं होतं, ऊन अजून नव्हतं. शालूबाई पायरीवर बसल्या होत्या. डोळ्यावर तो काळा गॉगल, हातात फोन.

आप्पांच्या अगदी ओठांवर आलं. पंधरा दिवस कधीच झाले, गॉगल काढायचा आता. शिवाय तो उन्हात लावायचा असतो. गावातला एकही चुकीचा वापर त्यांनी आजवर दुरुस्त केल्याशिवाय सोडला नव्हता.

त्यांनी हळूच विचारलं, "दिसतंय का?"

"न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "गॉगलमुळं धुरकट दिसतंय."

त्यांनी बोट दाबून धरलं, तारा लावला.

आप्पा पायरीच्या खालच्या बाजूला बसले. मग म्हणाले, "व्हय. गॉगल लयच काळा हाय."

"हाय खरा."

"किती झाली?"

"दोनशे भात्तर."

आप्पांनी मनात वजाबाकी केली. "मंजी अजून तीनशे एकोणचाळीस."

"व्हय," शालूबाई म्हणाल्या. "तवर काढायचा न्हाई."