दहा वाजताची काच

माणसाला काचही हवी असते आणि दिसायलाही नको असतं. मग भिंत बांधा ना. पण नाही. घरी न्हाणीघराला वेलीची काच, ऑफिसात केबिनला वेलीची काच, आणि वर मलाच विचारायचं, "आतलं दिसणार नाही ना?" पंचवीस वर्षं मी काचेवर वाळूचा मारा करून वेली उठवतोय आणि पंचवीस वर्षं हाच प्रश्न ऐकतोय. डोकं उठतं.

ही दुधी काच एका बाजूनं गुळगुळीत असते, दुसऱ्या बाजूनं खरखरीत. खरखरीत बाजूला पाणी लागू द्यायचं नाही, कारण ती ओली झाली की आरपार दिसतं. वाळली की पुन्हा दुधी. हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी एका ऑफिसात साहेबांच्या केबिनला मी खरखरीत बाजू बाहेर बसवली. दोष माझ्या मेहुण्याचा. तो त्याच ऑफिसात कारकून. हे काम त्यानंच मिळवून दिलं, आणि त्या उपकाराच्या जोरावर दिवसभर माझ्या खांद्याशी उभं राहून "दाजी, थोडं डावीकडे" करत राहिला. मी तापलो आणि काच उलटी गेली.

महिन्याभरानं तो दुकानात आला, तोंड उतरलेलं.

"दाजी, माझी नोकरी जातेय."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. दिसलं."

रोज दहा वाजता सफाईच्या मावशी बाहेरून काचेवर ओलं फडकं मारतात. मग तीन-चार मिनिटं साहेब सगळ्या ऑफिसला लख्ख दिसतात. त्यांची काचेकडे पाठ, त्यामुळे त्यांना पत्ता नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीला ते हात जोडतात, कपाळाचा घाम पुसतात आणि शेवटी दाराकडे हात दाखवतात. ऐकू काही येत नाही. चौदा जणांपैकी प्रत्येकाला वाटतं, ती खुर्ची आपली. त्या भीतीनं सगळे एवढं काम करतायत की साहेबच चक्रावलेत.

"खुर्चीवर एक ठेंगणी पिशवी ठेवतात," मेहुणा म्हणाला. "ऑफिसात सगळ्यांत ठेंगणा मीच."

मला हसू आलं, पण लगेच पुढचं दिसलं. बायकोचा एकुलता एक भाऊ. नोकरी गेली की आमच्याकडेच राहायला येणार, आणि मग घरातही "दाजी, थोडं डावीकडे."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला काचेचं रबर तपासायच्या निमित्तानं मी केबिनमध्ये शिरलो. साहेब पिशवीपुढे उभे होते. मला बघून ओशाळले.

"साहेब, कुणाला काढताय?" मी सरळच विचारलं.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "अक्काला."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. साहेबांचं पोट बिघडलं म्हणून चार दिवसांसाठी आली, त्याला आठ महिने झाले. आता स्वयंपाकघर तिचं, टीव्ही तिचा, साहेबांनी स्वेटर घालायचा की नाही तेही तीच ठरवणार. साहेबांच्या बायकोनं मागच्याच महिन्यात बजावलं होतं, एक तर तुम्ही बोला, नाहीतर मी माहेरी जाते. डब्याची पिशवी अक्कानं शिवलेली, म्हणून सराव पिशवीवर.

"तिच्यापुढे उभा राहिलो की मी सात वर्षांचा होतो," साहेब म्हणाले. "तुम्ही बसा बरं खुर्चीत. पिशवी काही उत्तर देत नाही."

मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. साहेबांनी हात जोडले. "अक्का, तू खूप केलंस. पण आता तू तुझ्या घरी..." आणि हात दाराकडे गेला.

माझं तोंड काचेकडे होतं. वेल पुसट झाली आणि पलीकडे मावशी दिसल्या, मेहुणा दिसला, आणि त्यांच्या मधोमध साहेबांचा विसरलेला चष्मा हातात धरलेली एक ठेंगणी बाई. मी नुसतं बोट दाखवलं. साहेब वळले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. साहेबांचा हात दाराकडे तसाच. काच वाळत गेली, आधी कडेनं, मग मध्ये, आणि अक्का दिसेनाशी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच माझी होती.

मग पुन्हा ओलं फडकं फिरलं. या वेळी ते अक्काच्या हातात होतं. तिनं भावाला नीट बघून घेतलं आणि आत येऊन दार लावलं.

"ऐकू नाही आलं, पण कळलं," ती म्हणाली. "रोज डबा भरताना मीही हेच म्हणते, आता निघते रे. तोंडातून बाहेर पडत नाही. वाटतं, ह्याला वाईट वाटेल." तिनं चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. "माझ्या कुंड्यांना पाणी घालून शेजारीण कंटाळली असेल."

साहेब रडले. तेही चौदा जणांसमोर, कारण काच अजून ओली होती.

अक्का रविवारी गेली. मेहुण्यानं ऑफिसभर सांगितलं की साहेबांच्या बहिणीनं मध्ये पडून त्याची नोकरी वाचवली. साहेबांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं, त्यामुळे मीही मान डोलावली. काच फिरवून द्यायला गेलो तर साहेब म्हणाले, "राहू द्या. आता काय लपवायचं राहिलंय."

पंधरा दिवसांनी मेहुणा पुन्हा दुकानात. तोंड पुन्हा उतरलेलं.

"दाजी, साहेबांचं परत सुरू झालं. तीच पिशवी, तेच हात जोडणं. पिशवी आता रिकामी असते, तर आत कागद कोंबून उभी करतात. आणि हात दाराकडून खुर्चीकडे येतो. कुणाला तरी आत घेतायत. माझ्या जागी."

मी हातातली काच खाली ठेवली.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "येणारं माणूस चारच दिवसांसाठी येतंय."