वरच्या फुलातला मणी

काचवाल्या मालकांची दाढ तुटली. पण ते राहू दे, अजून तसं काही झालेलंच नाही. आपण सकाळपासून धरू.

सकाळी ट्रक जॅकवर होता आणि बाबा आत्याकडे. ट्रक ऑटोमॅटिक. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना तो विचार करत बसायचा. चढावर, मागे खिडक्यांच्या काचा उभ्या रचलेल्या असताना, विचारी ट्रक कुणालाच नको असतो. मालकांनी बाबांना आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं, वाढदिवसाच्या दिवशी मी स्वतः शेजारी बसून चढ बघणार. अडखळला तर दुसऱ्या दिवसापासून दुसरा गाडीवाला. तेव्हापासून बाबा जेवताना मधेच घास हातात धरून थांबायचे. ट्रकसारखेच.

"सोपं आहे," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे ताईचा नवरा. चष्मे दुरुस्त करतात.

"तुम्ही आधी केलंय ना हे?"

"तीनदा. व्हिडिओत."

गिअरबॉक्सचं तेल बादलीत काढलं, थोडं दाजींच्या बाहीत गेलं. आतला झडपांचा ठोकळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला. त्यात तेलाची वाट उघडबंद करणाऱ्या सात पोलादी गोळ्या, वाटाण्याहून लहान. एक जरी कमी पडली तरी तेल भलतीकडे जातं. म्हणून मी त्या वाटीत ठेवून दर पाच मिनिटांनी मोजत होतो. सात. परत सात. तळहाताला घाम, पण सात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मालकांच्या साठाव्या वाढदिवसाचा केक सजवत होती.

गिअर झटक्यात पडावा म्हणून तेलाचं भोक ड्रिलने किंचित मोठं करायचं होतं.

"किंचित म्हणजे किती, दाजी?"

"मनाला पटेल इतकं."

कडक स्प्रिंगा बसवल्या, सातही गोळ्या आत गेल्या, सगळं बंद केलं. तीनला बाबा आले, गल्लीत फेरी मारून आले. "अरे, हा तर लाथ मारतो!" म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले. केक सीटवर ठेवून निघाले.

आई टेबल पुसायला लागली. "केकच्या वरच्या फुलाला एक चंदेरी मणी कमी पडत होता. तुमच्या वाटीतला घेतला."

मी रिकामी वाटी उचलली. "आई, मी सात मोजल्या होत्या."

"असणारच. मागून माझ्या डब्याच्या तळाशी एक सापडला, तो टाकला ना तुमच्या वाटीत. मी कुणाचं ठेवून घेत नाही."

"साखरेचा?"

"मग कशाचा असतो?"

दाजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. परिस्थिती तशीच दिसली असावी, कारण ते खाली बसले.

मी सतरा वेळा फोन लावला. गाडी चालवताना बाबा उचलत नाहीत. गिअरबॉक्समध्ये साखर, केकमध्ये पोलाद, मधे बाबा.

"साखर तेलात विरघळत नाही," दाजी म्हणाले.

"पण चिरडते ना?"

"तो चष्म्याचा विषय नाही."

अठराव्यांदा बाबांनी उचलला. "चढ चढला रे! एका दमात! मालकांनी वरचं फूल तोंडात टाकलं आणि नेमका तेव्हाच लाथ मारून तिसरा गिअर पडला..."

"मग?"

"मग ते गाल दाबून बसलेत. हातात दाढेचा तुकडा आणि अजून काहीतरी धरून बघतायत. कामाचं विचारू कसं?" बाबांचा आवाज बारीक झाला. "आणि ऐक ना, ट्रक आता जागचा हलत नाहीये."

आम्ही लगेच अर्ज लिहायला बसलो. भाषा दाजींची, शेवटची ओळ आईची.

विषय : दाढेसोबत निघालेली पोलादी गोळी परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर गोळी ही वाहनाचा भाग असून केकसोबत चुकून आपल्याकडे आली आहे. ती जागेवर बसवल्यास ट्रक हलेल व आपणही घरी पोहोचाल. तरी गोळी पुसून परत द्यावी आणि उद्याची खेप याच ट्रकला द्यावी. दाढेबाबत स्वतंत्र अर्ज सादर करण्यात येईल.

सोबत, बदली म्हणून, एक चंदेरी मणी जोडला आहे. आम्ही कुणाचं ठेवून घेत नाही.