पहिलं वेत

मी एक म्हातारा गाढव आहे. हसू नका मित्रांनो! गाढवालाही मन असतं, आणि माझं मन जन्मापासूनच जड आहे.

मी अझूरच्या गोठ्यात जन्मलो. माझी आई पहिलटकरीण होती. आमच्या डोंगरात पहिलं वेत देवाचं. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, एका रात्रीत घरोघरची थोरली लेकरं मेली, पण देवाने आमच्या लोकांची वाचवली; तेव्हापासून माणसाचं असो वा जनावराचं, पहिलं पोर त्याचंच. माणसाचं पोर याजकाला, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याला, चांदी देऊन सोडवायचं, जनावर वेदीवर चढवायचं. गाढव मात्र वेदीला चालत नाही. त्याच्या बदली कोकरू द्यायचं, नाहीतर त्याची मान मोडायची.

त्या साली रोगाने अझूरचा कळप साफ केला होता. एक मेंढी आणि तिचं कोकरू, एवढंच काय ते उरलं होतं. तो माझ्याकडे बघायचा, कोकराकडे बघायचा आणि डोकं खाजवायचा. शेवटी त्याने शफाटला बोलावलं. माझी आई त्यानेच अझूरला विकली होती.

"शफाट, हिचं हे दुसरं वेत आहे असं याजकाला सांग ना. पहिलं तुझ्याकडेच झालं म्हणावं."

"सांगतो की! माझ्या बापाचं काय जातंय?" शफाट हसला. "गाढव वाचेल, कोकरूही वाचेल. गाढवीण थोडीच साक्ष द्यायला येणार आहे?"

खरं सांगू? मला ते फार आवडलं. कुणालाच मरायला नको होतं.

पण दारात अझूरची बायको हमूटल उभी होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि तेही तिचं पहिलंच.

"अहो, लाज नाही वाटत? उद्या माझं होईल, ते सोडवायला कोणत्या तोंडाने जाल? तेव्हाही म्हणणार का, बायकोचं दुसरं आहे म्हणून?"

"वहिनी, अहो, गंमत केली..."

"गंमत तुमच्या घरी करा, भावजी."

अझूर चिडून कुऱ्हाडीकडे वळला. "मग मोडतो याची मान! निदान कोकरू तरी राहील. खायचं काय आपण?"

"हात लावून तर बघा! देवाने सोडवायची वाट ठेवलीय ना? मग मारायचं कशाला?"

ती स्वतः जाऊन कोकरू घेऊन आली. मेंढी रोगातून उठेपर्यंत तिनेच त्याला हाताने दूध पाजून वाढवलं होतं. ते नवऱ्याच्या खांद्यावर देताना ती ढसाढसा रडली.

मी वाचलो. संध्याकाळी ती मेंढी ओरडत गोठ्यात आली. तिने मला शेपटीपर्यंत हुंगलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी आईच्या पोटाखाली तोंड लपवलं.

हमूटलला मुलगा झाला. अझूरने त्यालाही रीतीप्रमाणे सोडवून आणलं, आणि त्या दिवशी त्याने याजकाच्या नजरेला नजर दिली. आज तोच मुलगा माझ्या पाठीवर काठी हाणतो. "चल रे, फुकट्या!" म्हणतो. पाठीपेक्षा तो शब्दच मला जास्त लागतो.

मित्रांनो, मी फुकटचा नाही. तो मुलगाही नाही, आणि तुम्हीही नसाल. मुक्या जिवावर काठी उगारण्याआधी थोडं थांबा. आपण सुखरूप राहावं म्हणून कुणाचं काय गेलं, ते घरात विचारा, आणि ज्याचं गेलं त्याच्याजवळ घटकाभर बसा. त्या मेंढीजवळ कुणीच बसलं नव्हतं.